न लिहिलेली ओळ बदलते तेव्हा

वाचकांचे प्रश्न, सर्व्हर-व्यवस्थापकाची उत्तरे

या महिन्यात पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांत एक वाक्य इतक्या वेळा आले की ते वेगळे काढून ठेवावेसे वाटले : "आम्ही कॉन्फिग फाइलला हातही लावला नाही, तरी सर्व्हर वेगळा वागू लागला आहे." म्हणून या अंकात अपाची आणि एंजिनएक्स या दोन मुक्त स्रोत वेब सर्व्हरांपुरतेच, म्हणजे ब्राउझरला संकेतस्थळाची पाने पुरवणाऱ्या दोन प्रोग्रॅमांपुरतेच, बोलू. कॉन्फिग फाइल म्हणजे सर्व्हरने कसे वागायचे ते लिहिलेली फाइल, आणि तिच्यातली एकेक सूचना म्हणजे निर्देश. निर्देशांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत. पत्रलेखकांची नावे मी मुद्दाम गाळली आहेत, कारण बहुतेकांनी पत्रासोबत आपली संपूर्ण कॉन्फिग फाइल जोडली होती आणि दोघांनी तर ती पासवर्डसकट पाठवली होती. त्या दोघांनी पासवर्ड आजच बदलावेत.

प्रश्न (बिबवेवाडी) : आमचा लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचा छोटा स्टुडिओ आहे. आमचे कॅमेरामन रात्री मंगल कार्यालयातूनच दिवसभराच्या फाइली आमच्या अपाची सर्व्हरवर चढवतात. जुने मशीन कित्येक वर्षे अपडेट न करता चालले. यंदा लग्नसराईच्या आधी नवे मशीन घेतले, त्यावर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती बसवली आणि आमची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी उचलून ठेवली. तेव्हापासून छोट्या फाइली नीट चढतात, पण सव्वा-दीड जीबीच्या फाइली ४१३ हा आकडा दाखवून परत येतात. आमच्या फाइलमध्ये आकाराची कोणतीही मर्यादा लिहिलेली नाही. मग ही मर्यादा आली कुठून?

उत्तर : मर्यादा लिहिलेली नव्हती, म्हणूनच ती आली. ४१३ म्हणजे 'विनंती फार मोठी आहे' हा सर्व्हरचा नकार. अपाचीत लिमिटरिक्वेस्टबॉडी नावाचा निर्देश आहे. ब्राउझरकडून येणाऱ्या विनंतीसोबत जास्तीत जास्त किती बाइटचा मजकूर स्वीकारायचा, हे तो ठरवतो. २.४.५३ या आवृत्तीपर्यंत हा निर्देश फाइलमध्ये नसेल, तर त्याचे मूल्य शून्य धरले जाई आणि शून्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा होता. जून २०२२ मध्ये आलेल्या २.४.५४ पासून हेच न लिहिलेले मूल्य १०७३७४१८२४ बाइट, म्हणजे बरोबर एक जिबिबाइट झाले. तुमच्या पत्रातल्या ज्या फाइली अडतात त्या सगळ्या या आकड्याच्या पलीकडच्या आहेत आणि ज्या चढतात त्या अलीकडच्या. एरर लॉग, म्हणजे सर्व्हर त्रुटींची नोंद ठेवतो ती फाइल, उघडून पाहा. विनंतीची लांबी ठरवून दिलेल्या १०७३७४१८२४ या मर्यादेपेक्षा मोठी आहे, अशा अर्थाची ओळ तिथे रोज रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास सापडेल.

हा बदल कुणाच्या लहरीने झालेला नाही. लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणारे अपाचीचे मॉड्यूल (जोडभाग) विनंतीचा सगळा मजकूर एकदम मेमरीत वाचू शकत असे आणि मर्यादाच नसल्यामुळे कुणीही प्रचंड मोठी विनंती धाडून सर्व्हर गुदमरवू शकत असे. ही त्रुटी त्याच आवृत्तीत बुजवली गेली. अमर्याद स्वीकारणे हे न सांगता मिळणारे वर्तन नसावे, हा विचार मला पटतो. फक्त त्याची झळ तुमच्यासारख्या, खरोखरच मोठ्या फाइली घेणाऱ्यांना लागली.

आपण पुणेकर महापालिकेने काही कळवले नाही तर उद्या पाणी येणार असे धरून चालतो, आणि उद्या गुरुवार, म्हणजे पाणी बंद राहण्याचा नेहमीचा वार, असेल तर न कळवताही बादल्या भरून ठेवतो. डीफॉल्ट म्हणजे नेमके हेच : कुणी काही न बोलता ठरलेले. फरक इतकाच की सर्व्हरचा गुरुवार आवृत्तीगणिक सरकू शकतो.

आता उपाय. सर्व्हरच्या पातळीवर शून्य लिहून मोकळे होऊ नका. तसे केले तर दुरुस्तीने लावलेले दार तुम्ही पुन्हा सताड उघडले असे होईल. ज्या पत्त्यावर फाइली चढवल्या जातात, कॉन्फिगमधल्या तेवढ्याच पत्त्यापुरत्या लोकेशन विभागात हा निर्देश लिहा आणि तुमच्या सर्वांत मोठ्या फाइलीपेक्षा थोडा मोठा आकडा द्या. दीड जीबीसाठी २००००००००० पुरेल, म्हणजे दोनावर नऊ शून्ये. आकडा पूर्ण बाइटमध्ये लिहावा लागतो. पीएचपी या भाषेच्या सवयीने शेवटी 'जी' जोडले तर अपाची ती ओळ नाकारेल आणि सुरूच होणार नाही. पीएचपी वापरत असाल तर तिच्या स्वतःच्या दोन मर्यादा वेगळ्या आहेत. मूळ पीएचपीत एका फाइलीसाठी २ एमबी आणि संपूर्ण विनंतीसाठी ८ एमबी इतकेच मिळते. जुन्या मशीनवर कुणीतरी त्या वाढवलेल्या असणार, त्या नव्या मशीनवर आल्या आहेत की नाहीत हे पाहा. शिवाय अपाचीच्या पुढे एंजिनएक्स उभा असेल, तर तोही ४१३ हाच आकडा देतो आणि त्याची न लिहिलेली मर्यादा अवघी १ एमबी आहे. त्रुटीच्या पानाच्या तळाशी कोणत्या सर्व्हरचे नाव आहे, एवढे पाहिले की निम्मा शोध संपतो.

एक पुस्ती. आवृत्तीच्या क्रमांकावर पूर्ण भरवसा ठेवू नये. डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट यांसारखी लिनक्सची तयार वितरणे सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे नेऊन जुन्या क्रमांकाच्या पॅकेजातही बसवतात. त्यामुळे क्रमांक २.४.५४ च्या खालचा दिसला, तरी त्यात नंतरचा एखादा बदल येऊन बसलेला असू शकतो. पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, वाचणे कंटाळवाणे असते, हे मी नाकारत नाही.

प्रश्न (हडपसर) : एंजिनएक्स अपग्रेड केल्यापासून प्रत्येक वेळी कॉन्फिग तपासताना 'लिसन' ओळीतला 'एचटीटीपी टू' हा शब्द कालबाह्य झाल्याची सूचना येते. सर्व्हर मात्र व्यवस्थित चालतो. सूचनेकडे दुर्लक्ष करावे काय?

उत्तर : आज केले तरी चालेल, पण करू नका. जून २०२३ मधल्या १.२५.१ या आवृत्तीपासून एचटीटीपी टू (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाची नवी पद्धत) सुरू करण्यासाठी 'एचटीटीपी टू ऑन' असा स्वतंत्र निर्देश आला आणि सर्व्हरने कुठे ऐकायचे ते सांगणाऱ्या लिसन ओळीच्या शेपटाला तो शब्द जोडण्याची पद्धत कालबाह्य ठरली. लिसनमधला शब्द काढा, त्याच सर्व्हर विभागात नवी ओळ लिहा, काम झाले. एंजिनएक्सच्या या सूचना कुठे पोचतात, याचे उदाहरण त्याच आवृत्तीत आहे. सुरक्षित जोडणी सुरू करणारा 'एसएसएल ऑन' हा जुना निर्देश १.१५.० पासून कालबाह्य म्हणून सांगितला जात होता. पाच वर्षे तो नुसती सूचना देत चालला आणि १.२५.१ मध्ये काढून टाकला गेला. ज्यांनी तोवर सूचना वाचली नव्हती त्यांचा सर्व्हर अपग्रेडनंतर उठलाच नाही.

प्रश्न (सदाशिव पेठ) : मी एका सार्वजनिक ग्रंथालयाचा मानद कार्यवाह आहे. ग्रंथालयाची पुस्तकसूची साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका सभासदाच्या चिरंजीवांनी संकेतस्थळावर ठेवून दिली. त्यांनी अपाची २.२ सोर्स कोडवरून स्वतः बांधून (कंपाइल करून) बसवला होता. ते आता परदेशी असतात. मशीन जुने झाल्यामुळे आम्ही सगळे फोल्डर नव्या मशीनवर, अपाची २.४ वर आणले. मुखपृष्ठ उघडते, परंतु पुस्तकांची पाने ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', दाखवतात. त्याहून गंभीर म्हणजे सभासदांच्या यादीला पूर्वी पासवर्ड विचारला जाई, तो आता न विचारताच यादी उघडते. हे आम्हांला एका वाचकाने दूरध्वनी करून सांगितले. दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे काय? जुन्या फोल्डरातील सर्व फाइली, लपलेल्या फाइलींसह, नव्या ठिकाणी आहेत याची आम्ही खात्री केली आहे.

उत्तर : कारण एकच आहे. परंतु ते वाचण्याआधी आपण एक काम करावे : सभासदांच्या यादीचे फोल्डर संकेतस्थळाच्या मुळाबाहेर हलवावे. पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेली यादी उघडी असताना दुरुस्तीचा अभ्यास करत बसू नये.

आपण ज्या लपलेल्या फाइलींची खात्री केली, त्यांतली एचटीॲक्सेस ही फाइल जागेवर आहे, पण नवा सर्व्हर ती वाचतच नाही. फोल्डरातल्या अशा फाइलींना मुख्य कॉन्फिगवर कुरघोडी करू द्यायची की नाही, हे अलाउओव्हरराइड नावाचा निर्देश ठरवतो. २.२ मध्ये हा निर्देश लिहिला नसेल, तर 'ऑल' म्हणजे सर्व मुभा असे धरले जाई. २.४ च्या तयारीच्या काळातल्या २.३.९ पासून न लिहिलेले मूल्य 'नन' झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये २.४ बाहेर आला तो हे वर्तन घेऊनच. त्या चिरंजीवांनी हाताने कंपाइल करून अगदी आटोपशीर कॉन्फिग लिहिली असणार आणि अलाउओव्हरराइडची ओळ लिहिण्याची त्यांना गरजच पडली नसणार. शिवाय आजच्या वितरणांच्या मुख्य फाइलीत 'नन' हे स्पष्ट शब्दांतच लिहून येते. परिणामी पुस्तकांच्या सुबक पत्त्यांचे नियमही गेले आणि पासवर्डही गेला, कारण दोन्ही त्याच एका फाइलीत होते.

बदल का केला, हे समजण्यासारखे आहे. एचटीॲक्सेस वाचण्याची मुभा दिली की अपाचीला प्रत्येक विनंतीच्या वेळी मुळापासून त्या पानाच्या फोल्डरापर्यंत, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरात, अशी फाइल आहे काय हे पाहावे लागते. ती नसली तरी पाहावेच लागते. दुसरे म्हणजे ज्याला त्या फोल्डरात फाइल ठेवता येते, त्याला सर्व्हरचे वर्तन बदलता येते. भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर ही सोय हवीहवीशी असते. आपल्या स्वतःच्या मशीनवर ती बहुधा नको असते.

या बिघाडाची जात मात्र मला फार खटकते. पुस्तकांची पाने ४०४ झाली, ती ओरडून सांगतात. पासवर्ड गेला तो मुकाट्याने गेला : लॉगमध्ये एक ओळ नाही, सुरुवातीला सूचना नाही, यादीचे पान पूर्वीपेक्षा लवकरच उघडते. हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका संस्थेचे संकेतस्थळ असेच हलवले, सगळी पाने उघडतात हे पाहिले आणि समाधानाने घरी गेलो. 'जे उघडू नये ते उघडत नाही ना' हे मी पाहिलेच नव्हते. लेखापरीक्षणाचे फोल्डर एक रात्र उघडे राहिले आणि सकाळी ते माझ्या लक्षात आले तेही दुसरेच काहीतरी शोधताना. तेव्हापासून मी सर्व्हर हलवल्यावर आधी बंद दारे ढकलून पाहतो, उघडी दारे नंतर.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. तातडीचा मार्ग असा की मुख्य कॉन्फिगमध्ये त्या फोल्डरासाठी डिरेक्टरी विभाग करून अलाउओव्हरराइडला 'ऑथकॉन्फिग' आणि 'फाइलइन्फो' एवढ्याच दोन मुभा द्याव्यात : पहिली पासवर्डसाठी, दुसरी पत्त्यांच्या नियमांसाठी. 'ऑल' लिहू नये. टिकाऊ मार्ग असा की एचटीॲक्सेसमधला मजकूरच त्या डिरेक्टरी विभागात आणून ठेवावा आणि कुरघोडीची मुभा 'नन'च राहू द्यावी. पत्ते बदलणारे नियम डिरेक्टरी विभागात ठेवले तर ते जसेच्या तसे चालतात. तेच नियम बाहेर, व्हर्च्युअल होस्टच्या, म्हणजे संपूर्ण संकेतस्थळाच्या विभागाच्या, पातळीवर ठेवले, तर जुळवायच्या पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ येते आणि जुने नियम एकही जुळत नाहीत. पुष्कळांची एक संपूर्ण दुपार या एका रेघेने खाल्लेली आहे.

जुन्या फाइलीत 'ऑर्डर', 'अलाउ फ्रॉम', 'डिनाय फ्रॉम' अशा ओळी सापडतील. २.४ ने त्या जागी 'रिक्वायर' हा एकच निर्देश आणला : सर्वांना प्रवेश द्यायचा तर 'रिक्वायर ऑल ग्रँटेड', कुणालाच द्यायचा नाही तर 'रिक्वायर ऑल डिनाइड', आणि ठरावीक पत्त्यांपुरता द्यायचा तर 'रिक्वायर आयपी'. जुन्या ओळी चालाव्यात म्हणून ॲक्सेस कॉम्पॅट नावाचे मॉड्यूल ठेवले आहे. ते लोड केलेले नसेल तर 'ऑर्डर' हा शब्दच अवैध ठरून सर्व्हर सुरू होत नाही; हा आवाज करणारा बिघाड, म्हणून त्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती मॉड्यूल लोड असताना, वरच्या विभागात जुन्या ओळी आणि खालच्या विभागात नव्या, अशी सरमिसळ होते तेव्हा. जुना निर्णय आणि नवा निर्णय वेगवेगळे लागू होतात. खाली 'ग्रँटेड' लिहूनही वरच्या 'डिनाय'मुळे दार बंदच राहते, आणि वाचणाऱ्याला कारण दिसत नाही. अपाचीच्या दस्तऐवजातही हे मिश्रण टाळा असेच सांगितले आहे. आपण एका बैठकीत सगळ्याच ओळी नव्या पद्धतीच्या कराव्यात.

आणि डेबियन किंवा उबुंटू असेल तर एवढे पाहावे की 'साइट्स एनेबल्ड' फोल्डरातल्या फाइलीच्या नावाचा शेवट 'डॉट कॉन्फ' असा आहे. २.४ च्या पॅकेजपासून तो नसलेल्या फाइली वाचल्या जात नाहीत. जुन्या फाइलीला नुसते संकेतस्थळाचे नाव दिलेले असते आणि ती तिथे असून नसल्यासारखी पडून राहते.

प्रश्न (निगडी) : आमच्या कारखान्याच्या संकेतस्थळाची सुरक्षा तपासणी एका ग्राहक कंपनीने केली. एंजिनएक्सच्या सर्व्हर विभागात आम्ही तीन सुरक्षा हेडर (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) लिहिली आहेत आणि मुखपृष्ठावर ती दिसतात. उत्पादनांच्या चित्रांच्या पत्त्यावर मात्र एकही दिसत नाही. गेल्या महिन्यात त्या चित्रांसाठी कॅशची, म्हणजे ब्राउझरने प्रत जवळ ठेवण्याची, मुदत ठरवणारे फक्त एक हेडर वाढवले होते, बाकी काही नाही.

उत्तर : ते 'फक्त एक'च कारण आहे. एंजिनएक्समध्ये ॲड हेडर हा निर्देश वरच्या विभागातून खालच्या विभागात वारशाने येतो, पण खालच्या विभागात तुम्ही स्वतः एकही ॲड हेडर लिहिला नसेल तरच. एक लिहिला की वरचे तिन्ही गेले. वाडवडिलांची इस्टेट हवी असेल तर स्वतःचा एक पैसाही कमवू नये, असा हा वारसा कायदा आहे. अपाचीत वरची आणि खालची हेडरे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तिकडून आलेली माणसे इथे हमखास ठेचकाळतात. विनंती मागच्या ॲप्लिकेशनकडे पाठवताना हेडरे लावणाऱ्या प्रॉक्सी सेट हेडर या निर्देशाचाही नियम हाच आहे, आणि तिथे ठेच लागली तर मागच्या ॲप्लिकेशनला मूळ होस्टचे नावच पोचत नाही.

तुमच्या प्रकरणात सर्वांत सोपा उपाय असा : कॅशच्या मुदतीसाठी ॲड हेडर वापरूच नका, 'एक्स्पायर्स' हा निर्देश वापरा. तो मुदतीची हेडरे स्वतः तयार करतो आणि ॲड हेडरचा वारसा तोडत नाही. दुसरे हेडर द्यायचेच असेल तर तीन सुरक्षा हेडरे वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवून ती दोन्ही विभागांत 'इन्क्लूड' करा. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ऑलवेज' लिहायला विसरू नका. नाहीतर ४०४ किंवा ५०० च्या त्रुटीच्या पानांवर ती हेडरे लागत नाहीत, आणि तपासणी करणारी कंपनी पुढच्या वेळी तेच लिहून पाठवील.

या वागण्याबद्दल अनेक वर्षे कुरकुर होती. अखेर १.२९.३ या आवृत्तीत 'ॲड हेडर इनहेरिट' हा नवा निर्देश आला. त्याला 'मर्ज' हे मूल्य दिले की वरची आणि खालची हेडरे एकत्र होतात. लिहिला नाही तर मात्र जुनेच वर्तन. हे असे का केले असेल, याचे उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न (कर्वेनगर) : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अपाचीत पहिला पॅच (कोडमधला बदल) देण्याची इच्छा आहे. अपाची प्रत्येक उत्तरात स्वतःची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम आणि मॉड्यूलांची माहिती देतो, कारण सर्व्हरटोकन्स या निर्देशाचे डीफॉल्ट मूल्य 'फुल' आहे. ते 'प्रॉड', म्हणजे नुसते नाव सांगणारे, करणे हा सोर्स कोडमध्ये एका ओळीचा बदल आहे. हा पॅच स्वीकारला जाईल का? नाही, तर का नाही?

उत्तर : मला शंका आहे, आणि तिचे कारण ओळींच्या संख्येत नाही. अपाचीचे नवे काम आधी 'ट्रंक' या मुख्य शाखेत येते आणि तिथे ते आधी घातले जाऊन नंतर तपासले जाते. लोकांच्या मशीनवर चालणाऱ्या २.४ या स्थिर शाखेत मात्र उलट रीत आहे : बदल आधी मांडायचा, त्याला तीन होकार मिळायला हवेत, कुणाचा नकाराधिकार आड येता कामा नये, आणि मगच तो मागे आणायचा. २०१२ पासून हीच शाखा चालू आहे. तिच्यावर लिहिलेल्या कॉन्फिग फाइली किती जणांनी, किती वर्षांपूर्वी, कोणत्या गृहीतकावर लिहिल्या आहेत हे कुणालाच मोजता येत नाही. म्हणून या शाखेत डीफॉल्ट बदलणाऱ्याने 'माझे मूल्य जास्त चांगले आहे' एवढेच दाखवून भागत नाही. जुन्या मूल्यामुळे प्रत्यक्ष इजा होते हे त्याला दाखवावे लागते. लिमिटरिक्वेस्टबॉडीच्या बाबतीत ते दाखवता आले.

सर्व्हरटोकन्सच्या बाबतीत अडचण अशी की प्रकल्पाचे स्वतःचे मत तुमच्या विरुद्ध आहे, आणि ते दस्तऐवजात लिहिलेले आहे : मूल्य 'मिनिमल'पेक्षा (नाव आणि आवृत्ती) कमी करू नये, कारण त्यामुळे सर्व्हरांच्या परस्परव्यवहारातले दोष शोधणे अवघड होते, आणि सर्व्हर हेडर झाकल्याने सर्व्हर यत्किंचितही अधिक सुरक्षित होत नाही. मला हे म्हणणे बरेचसे मान्य आहे. हल्ला करणारी स्वयंचलित स्क्रिप्ट आवृत्ती वाचून थांबत नाही. ती सगळे प्रयोग सगळ्यांवर करते. ज्यांना ही माहिती कमी करायचीच आहे त्यांच्यासाठी मार्ग उघडा आहे, आणि डेबियनने आपल्या पॅकेजात 'ओएस' हे मूल्य (आवृत्ती राहते, मॉड्यूलांची माहिती जाते) वेगळ्या फाइलीत लिहून तो वापरलाही आहे. आवडीनिवडीचा प्रश्न वितरणाच्या पातळीवर सोडवता येत असेल, तर मूळ कोडात तो का सोडवावा, असे तुम्हाला विचारले जाईल.

तुम्ही अभ्यासायला हवा तो बदल २०१९ चा आहे. पत्त्यात लागोपाठ दोन तिरक्या रेघा आल्या तर अपाचीचे काही भाग त्यांची एक रेघ करत आणि काही भाग करत नसत. त्यामुळे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचा नमुना) वापरून एखाद्या लोकेशनला लावलेले कुलूप एक रेघ वाढवून चुकवता येण्याजोगे होते. २.४.३९ मध्ये मर्जस्लॅशेस हा नवा निर्देश आला. तो न लिहिला तर 'ऑन' धरला जातो, म्हणजे सुरक्षित वर्तन आपोआप मिळते. आणि ज्याची वेबसाइट दोन रेघांवरच उभी आहे त्याला 'ऑफ' लिहून जुन्या वर्तनाकडे परत जाता येते. स्थिर शाखेत वर्तन बदलायचे तर बदलाबरोबर परतीचे तिकीटही द्यावे लागते, ते असे. एंजिनएक्सच्या ॲड हेडर इनहेरिटमध्ये तर ज्याला हवे त्यानेच जाण्याचे तिकीट काढायचे आहे, बाकीचे आहेत तिथेच.

आणि बदल फसतो तो कसा, यासाठी जुलै २०२४ पाहा. एखादी फाइल कोणत्या हँडलरकडे (ती हाताळणाऱ्या भागाकडे) द्यायची, हे ठरवण्याची जुनी पद्धत म्हणजे ॲडटाइपने फाइलीचा प्रकार सांगणे. २.४.६० मध्ये सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी या भागात हात घातला गेला. त्यात जुन्या ॲडटाइपचे काही उपयोग दुर्लक्षिले गेले, आणि फाइल आडमार्गाने मागवली गेल्यास पीएचपीची स्क्रिप्ट चालण्याऐवजी तिचा सोर्स कोडच वाचकाला दिसू लागला. त्यावर २.४.६१ आली, ती अपुरी निघाली म्हणून त्याच महिन्यात २.४.६२ आली. हे काम करणारे लोक नवखे नव्हते. ॲडटाइपचा हा वापर बरोबर नाही, त्याऐवजी सेटहँडलर किंवा ॲडहँडलर वापरावा, असे आपण म्हणू शकतो, आणि ते खरेही आहे. पण वीस-वीस वर्षे लोक तसे लिहीत आले आणि ते चालत आले. चालत आलेल्या गोष्टीला दस्तऐवजाचा आधार नसला, तरी तिच्यावर उभी राहिलेली माणसे खरी असतात.

तेव्हा पहिला पॅच म्हणून डीफॉल्ट निवडू नका. दस्तऐवजातल्या एखाद्या निर्देशाच्या पानावर कोणत्या आवृत्तीत काय बदलले ते धूसर असेल, तर तो कोड वाचून, नक्की करून, ती एक ओळ दुरुस्त करा. अशी पाने सापडायला एक रविवार पुरतो. त्यानंतर एखाद्या निर्देशाच्या वर्तनासाठी चाचणी लिहा. अपाचीची चाचणी-चौकट पर्ल भाषेत आहे, तेव्हा थोडी पर्ल शिकावी लागेल, आणि महाविद्यालयात ती कुणी शिकवणार नाही. या दोन गोष्टी करताना तुमचे नाव तपासणाऱ्यांच्या ओळखीचे होईल आणि तुम्हालाही कळेल की कोणते वर्तन जाणूनबुजून ठेवलेले आहे आणि कोणते नुसतेच राहून गेलेले आहे.

प्रश्न (डेक्कन) : जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर वळवणारा नियम मी काल चुकीचा लिहिला, आज दुरुस्त केला. तपासणीची आज्ञा 'ओके' म्हणते, रीलोडही केले. दुकानातल्या मुलाच्या फोनवर बरोबर पान येते, माझ्या लॅपटॉपवर मात्र अजून चुकीच्याच पानावर जातो. सर्व्हर जुनी फाइल वाचतो आहे का?

उत्तर : नाही, तुमचा ब्राउझर जुने उत्तर आठवतो आहे. काल तुम्ही नियमात ३०१ लिहिले असणार, म्हणजे 'हा पत्ता कायमचा बदलला', आणि ब्राउझरने तो शब्द खरा मानून तुमच्या सर्व्हरकडे विचारायला जाणेच सोडले आहे. लॅपटॉपवर त्या संकेतस्थळाची कॅश पुसा किंवा खासगी विंडोत उघडून पाहा. काल ज्या ग्राहकांनी ते पान उघडले त्यांच्या ब्राउझरला मात्र तुम्हाला इथून हात लावता येणार नाही. चुकीच्या पत्त्यावर आलेल्यांना योग्य पानावर पाठवणारा एक नियम तिथे तात्पुरता ठेवा, फक्त नव्या पानावरून जुन्याकडे परत पाठवणारी गोल फेरी होत नाही ना ते पाहा. यापुढे वळवण्याचा नियम आठवडाभर ३०२ ने, म्हणजे 'तात्पुरता बदल' म्हणून, चालवा आणि मग ३०१ करा. सर्व्हर खरोखर काय उत्तर देतो ते कर्ल या आज्ञेने विचारा, कारण कर्लला कालचे काही आठवत नाही. आणि एंजिनएक्सने कोणकोणत्या फाइली वाचल्या याची शंका कधी आलीच, तर तपासणीच्या आज्ञेतली छोटी 'टी' मोठी करा. तो वाचलेली सगळी कॉन्फिग, फाइलींच्या नावांसह, तुमच्यासमोर ओतून देतो.